ज्ञानेशचा उशिरा केलेला अर्ज

माझा भाऊ ज्ञानेश साखर कारखान्यात पॅनमन हुता. पॅनमन म्हंजी काय ते आमच्या लोणी भापकरात बी निम्म्या लोकांना म्हाईत न्हाय, म्हणून सांगते. उसाच्या रसाचा पाक मोठ्या बंद भांड्यात शिजतो, त्याला पॅन म्हणत्यात. त्या पाकातनं साखरेचा दाणा धरायचा असतो. दाणा बारीक राहिला तरी बोंब, एकाला एक चिकटला तरी बोंब. ज्ञानेश काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब घ्यायचा, बल्बासमोर धरायचा, बोटानं चोळायचा आन् सांगायचा, अजून दहा मिनिटं. दहा म्हंजी दहाच. मोठं साहेब लोक त्याच्या बोटाकडं बघत उभं राहायचं, असं तो सांगायचा. माझ्या घरी आला की चहाचा एक घोट घ्यायचा आन् म्हणायचा, "आक्का, तुझ्या चहाचा दाणा धरला बघ." साखर जास्त पडली असं सरळ कधी म्हणला न्हाय.

मी बानूबाई, त्याची थोरली बहीण. आयबाप लवकर गेलं, त्याला मीच वाढवला. सातवीपातूर शिकले. चुकलंमाकलं समजून घ्या. त्याला जाऊन वरीस व्हायला आलं. लोक म्हणत्यात, पोरीला पोसलं न्हाय, कोर्टाचा पैसा बुडवला. तसं नव्हतं. पर जसं हुतं तसं सांगायचं म्हणलं तर माझं बी सांगावं लागतंय.

त्याची बायको रेश्मा, बावड्याची. माणूस चांगली. ज्ञानेश बी चांगला. पर दोघांचं जमलं न्हाय. सीझन लागला की हा पाच म्हैनं पाळीत, घरात आला की झोपलेला, आन् ती एकटी कारखान्याच्या कॉलनीत. भांडणं वाढली. कुणाचं चुकलं ते मी आज बी सांगू शकत न्हाय. इरा पाच वर्साची असताना रेश्मा तिला घिऊन माहेरी गेली. नंतर फारकत झाली. इंदापूरच्या कोर्टात रेश्मा म्हणली, मला काय नको, पोरीला द्या. २०२१ च्या फेब्रुवारीत हुकूम झाला, इराच्या नावानं म्हैन्याला नऊ हजार.

ज्ञानेशनं तवा पगाराची चिठ्ठी दिली ती ऐन सीझनमधली, ओव्हरटाईम धरून. वकील म्हणला हुता, ऑफ सीझनची बी चिठ्ठी द्या, तवा निम्माच पगार असतोय. ह्यो म्हणला, सासऱ्यासमोर निम्मा पगार दाखवू व्हय? माझ्या पोरीला नऊ हजार काय जड न्हाय. आन् खरंच त्याला जड नव्हतं. पावणेतीन वरीस एक म्हैना चुकला न्हाय. ऑफ सीझनला दुसरीकडं जायचा, कुठं गुळाच्या गुऱ्हाळावर, कुठं बॉयलर साफ करायला, पर पाच तारखेच्या आत बँकेत पैसं भरायचा. भरल्याची चिठ्ठी जपून ठेवायचा. दर रविवारी बावड्याला जाऊन इराला भेटायचा. सासरा गेणबा जुना माणूस, त्यानं कधी दारात अडवलं न्हाय.

मग २०२३ ची दिवाळी झाली. कारखान्याचा बॉयलर पेटला आन् ज्ञानेशला बोलावणंच आलं न्हाय. तो आपणहून गेला. तितं सगळं पॅन कॉम्प्युटरवर घेतलं हुतं. काचेची पट्टी नको, बोट नको. सहा पॅनमन हुतं, दोन ठेवलं. ह्यो त्या दोघांत नव्हता. त्याला पीएफचं कागद दिलं आन् खाकी कपड्याचा एक नवा जोड दिला, तो आधीच शिवून आला हुता म्हणून.

महिनाभर फिरला. दुसऱ्या कारखान्यांत बी तीच गत. शेवटी भिगवणला हायवेवरच्या एका मासळीच्या हॉटेलात कामाला लागला. मासं तळायचं. उजनीची चिलापी, मरळ, वाम. म्हैन्याला अकरा हजार आन् मागं झोपायला खोली. तितं बी दाणाच धरतोय म्हणायचा, तेलाचा आवाज ऐकून मासा उचलायचा. गिऱ्हाईक खूश. पर मला म्हणला, "आक्का, हे बावड्यात कळता कामा न्हाय. आन् इराला तर न्हायच न्हाय."

मी म्हणलं, का रं, चोरी करतोयस का. इरा शाळेत सगळ्यांना सांगायची, माझे पप्पा साखर बनवत्यात. हेच असंल त्याच्या मनात.

रविवारी इराला भेटायला जायच्या आधी तो हाताला लिंबू चोळायचा, कोपरापातूर. मग तो कारखान्याचा नवा खाकी जोड घालायचा आन् निघायचा. एकदा इरा म्हणली, पप्पा, तुमच्या अंगाला मासळीचा वास येतोय. ह्यानं सांगितलं, उजनीवर दोस्तांबरोबर गेल्तो. पुढच्या रविवारी तळलेली चिलापी घिऊन गेला, केळीच्या पानात बांधून. म्हणला, दोस्तांनीच दिली. पोरगी काटं काढून खायला त्याच्याकडनंच शिकली.

अकरा हजारात नऊ हजार कसं जाणार. दोन म्हैनं शिल्लकीतनं भरलं. मग मला म्हणला, आक्का, काय करू. हॉटेलात एक शिकलेलं गिऱ्हाईक त्याला म्हणलं हुतं, कोर्टात अर्ज टाक, पगार गेला म्हणून सांग, कोर्ट रक्कम कमी करतंय. तसा कायदाच हाय. पर अर्जाला शपथपत्र लागतंय. काय काम करतो, किती मिळतं, सगळं लिहून सही करायची, आन् त्याची प्रत समोरच्या पार्टीला. म्हंजी रेश्माला, तिच्या भावाला.

तो म्हणला, हे मला जमायचं न्हाय.

तवा मी म्हणलं, कोर्ट कशाला पायजे. गेणबा काय परका हाय का. बैठक घिऊ, चार माणसांत बोलू. आमच्यात आजवर सोयरीक जमवली बैठकीत, मोडली बी बैठकीत. हे मी सांगितलं. त्यानं न्हाय.

संक्रांत झाल्यावर बावड्याला बैठक झाली. आमच्याकडनं माझं मालक, दोन चुलतभाऊ आन् ज्ञानेश. त्यांच्याकडनं गेणबा, रेश्माचा भाऊ विजयसिंह आन् भावकीतली म्हातारी माणसं. सगळी ओट्यावर बसली. ज्ञानेश खाकी कपड्यात गेला हुता. नोकरी गेली असं तो बोललाच न्हाय. म्हणला, सीझन कमी झालाय, ओव्हरटाईम बंद हाय, सध्या तीन हजारच जमंल, पुढं वाढवीन. विजयसिंहनं तोंड वाकडं केलं. पर गेणबा म्हणला, "पोरीचा बाप हायस, पळून तर चालला न्हाईस. जमंल तेवढं दे. आमी काय कोर्टाच्या पायऱ्या झिजवत न्हाय."

मग चहा झाला. गेणबानं आतनं टॉवेल-टोपी मागवली आन् ज्ञानेशला दिली. आमच्याकडं टॉवेल-टोपी दिली की विषय संपला, मनात काय ठेवायचं न्हाय. भावकीतला एक म्हातारा म्हणला, "ह्या जावयाला लग्नात एकदा दिली, आता मोडल्यावर दुसऱ्यांदा. लई खर्चाचा जावई हाय गेणबा." सगळं हसलं. ज्ञानेश बी हसला. लई दिसांनी हसला असंल.

हे ओट्यावरचं. आता आतलं सांगते.

बैठकीत बायका नव्हत्या. मी आन् रेश्मा आत चुलीपाशी. म्हंजी गॅसच, पर जागा तीच. ती चहा गाळत हुती, मी कप मांडत हुते. चार वर्सांनी आमी दोघी अशा जवळ उभ्या हुतो. ती हळूच म्हणली, "वन्सं, त्यांचं कारखान्यातलं काम चालू हाय ना?"

मला ज्ञानेशनं शपथ घातली हुती. मी कपाकडं बघत म्हणलं, "व्हय."

ती एवढंच म्हणली, मग बरं हाय. आन् चहा बाहेर पाठवला.

त्या टॉवेल-टोपीवर ज्ञानेशनं सगळं सोडून दिलं. वहीत न्हाय, कागदावर न्हाय, कुणाची सही न्हाय. सोयऱ्याला सही मागायची म्हंजी त्याच्या शब्दावर थुंकल्यासारखं, असंच आमाला वाटतं. ज्ञानेश पाच तारखेच्या आत तीन हजार भरत राहिला. त्याला वाटलं नऊचं तीन झालं. मला बी तसंच वाटलं. माझ्या मालकांना बी. आमच्यातल्या एकाला बी कळलं न्हाय की कोर्टाच्या कागदावर नऊच हाय आन् दर म्हैन्याला सहा हजार मागं पडत चाललंय.

त्या वर्साच्या पावसाळ्यात रेश्मा बारामतीला ऱ्हायला गेली, इराच्या शाळेसाठी. एक खोली घेतली, ब्लाऊज शिवायची. शाळेची फी, बसची फी, खोलीचं भाडं. तिचं काय चुकलं. त्याचं कारखान्यातलं काम चालू हाय असं तिला माझ्याच तोंडनं कळलेलं. वर कुणीतरी विजयसिंहला सांगितलं, तुझ्या दाजीला भिगवणला बघितला, हॉटेलाच्या दारात उभा हुता, हॉटेल टाकलंय वाटतं. म्हंजी पगार बी चालू आन् हॉटेल बी. आन् पोरीला तीन हजार.

दसऱ्याच्या आधी गेणबा गेला. बसल्या जागी गेला. ज्याच्या शब्दावर सगळं हुतं तोच ऱ्हायला न्हाय. ज्ञानेश मातीला गेल्ता, खांदा दिला.

फेब्रुवारीत ज्ञानेशला नोटीस आली. वसुलीचा अर्ज. बारा म्हैन्यांचे प्रत्येकी सहा हजार, बहात्तर हजार रुपये. न्हाय भरलं तर वॉरंट.

तो नोटीस घिऊन माझ्याकडं आला. पिशवीत ती टॉवेल-टोपी हुती, घडी न मोडलेली. म्हणला, आक्का, हे दाखवायचं का कोर्टात? मी म्हणलं, व्हय, घे की. मला बी अक्कल तेवढीच.

आमी दोघं इंदापूरला एका वकीलबाईकडं गेलो. भली बाई. तिनं सगळं ऐकून घेतलं. मी म्हणलं, मॅडम, बैठक झालीय, टॉवेल-टोपी दिलीय, चार माणसं साक्षीला हायती. ती हसली न्हाय. हसली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणली, "ताई, कोर्टाचा हुकूम फक्त कोर्टच बदलतं. बैठकीनं तो बदलत नाही. नोकरी गेली त्याच महिन्यात हे आले असते आणि अर्ज टाकला असता, तर रक्कम कमी करून मिळाली असती. आता टाकू, पण कमी झाली तर अर्जाच्या तारखेपासून होईल. मागचं बसलेलं तसंच राहतं."

ज्ञानेश म्हणला, पर मागं बी माझी नोकरी नव्हतीच की. ती म्हणली, खरं आहे, पण ते कोर्टाला कुणी सांगितलं?

ज्ञानेशनं टॉवेल-टोपीची पिशवी उचलून बगलेत घेतली.

मग कागद गोळा करायला लागलो. कारखान्याचं कमी केल्याचं पत्र मिळालं. हॉटेलमालक पगाराचं लिहून द्यायला तयार नव्हता, त्याला वाटलं आपल्यावर काय तरी येईल. ज्ञानेश चार दिस त्याच्या मागं लागला. शेवटी त्यानं दोन ओळी दिल्या. शपथपत्र टायपिंगवाल्याकडं केलं, कोर्टाच्या बाहेर झाडाखाली बसतो त्यो. त्यानं इचारलं, व्यवसाय काय लिहू. ज्ञानेश बोलंना. टायपिंगवाला म्हणला, लाईन लागलीय मामा. तवा ज्ञानेश म्हणला, आचारी लिवा. वकीलबाईनं हॉटेलमालकाचं पत्र बघितलं, म्हणली, जे पत्रात आहे तेच लिहायचं, शपथेवर आहे. मग लिहिलं, मी भिगवण येथे हॉटेलात मासे तळण्याचे काम करतो. त्यानं सही केली. ज्या बोटानं दाणा बघायचा त्याला तेलाचं फोड आलं हुतं. पेन नीट धरता येईना.

बाहेर आल्यावर त्यानं एकच इचारलं. "आक्का, हे इराला वाचायला मिळतंय का?"

मी म्हणलं न्हाय रं, हे कोर्टातच ऱ्हातंय.

पहिल्या तारखेला रेश्मा आली नव्हती, नुसता तिचा वकील. त्यांच्या वकिलानं म्हणणं द्यायला मुदत मागितली. जज साहेबांनी ज्ञानेशला सांगितलं, अर्ज ऐकू, पण थकलेल्यातले वीस हजार तोवर भरा. कोर्टाला मी काय बोल लावत न्हाय. समोर जे कागद हुतं त्यात नऊ हजार लिहिलेलं हुतं आन् तीन भरलेलं. पुढची तारीख जूनमधली पडली.

पीएफला हात लावायचा न्हाय, ती इराची हाय म्हणला, आन् वीस हजारासाठी ज्ञानेशनं दुसरं काम धरलं. सकाळी भिगवणच्या मासळी बाजारात पाट्या उचलायचा, लिलाव झाला की दुपारपासनं हॉटेलात कढईपाशी. मी माझी बोरमाळ काढली तर म्हणला, ठेव ती, तुझ्या सुनंला हुईल. मी म्हणलं, रेश्माला एकदा फोन करून खरं सांगते. म्हणला, आता तारखेला कळंलच की, अजून म्हैनाभर जाऊ दे. मी ऐकलं. मी त्याचं सगळंच ऐकत आले आन् नेमकं जिथं ऐकायला नको हुतं तिथं जास्त ऐकलं.

त्या दिवसांत रविवारी इराला भेटायला जायचं त्याला जमंना. पोरगी फोन करायची, पप्पा, कवा येणार. म्हणायचा, कारखान्यात लई काम हाय. मे म्हैन्यात कुठला कारखाना. पोरीला काय कळतंय.

तारखेला एकोणीस दिस राहिलं हुतं. दुपारचं गिऱ्हाईक चालू हुतं. छातीत जळजळतंय म्हणला. सगळ्यांना वाटलं तेलाचा धूर. सोडा पिला, परत कढईपाशी उभा राहिला. मग खाली बसला. हॉटेलातल्या पोरांनी गाडीत घातला, पर दवाखान्यात पोचायच्या आत गेला. त्रेचाळीस वर्साचा हुता. खोलीत त्याच्या पिशवीत चौदा हजार सापडलं, रबर लावून, वर चिठ्ठी, कोर्ट.

दहाव्याला रेश्मा आली, इराला घिऊन. विजयसिंह आला. त्यांना तितंच कळलं. हॉटेलातली माणसं आली हुती, ती आपसांत बोलत हुती, कढईवरचा माणूस गेला आपला. विजयसिंहनं त्यांना इचारलं, हॉटेल ह्यांचं नव्हतं? ते म्हणलं, न्हाय ओ, कामाला हुता. विजयसिंह खाली मान घालून बसला. रेश्मानं माझ्याकडं बघितलं आन् बघतच राहिली.

तारखेला मी गेले. वकीलबाई म्हणली, मृत्यूचा दाखला द्यावा लागेल, नाहीतर वॉरंट निघायचं. पुकारा झाला, ज्ञानेशचं नाव घेतलं. मी उठून उभी राहिले. साहेबांनी दाखला बघितला, दोन ओळी सांगितल्या, लिहिणाऱ्या बाईनं लिहून घेतल्या. वकीलबाई म्हणली, झालं, अर्ज निकाली निघाला. मी इचारलं, मग कमी झालं का. ती म्हणली, ताई, आता कमी-जास्त काही राहिलं नाही. म्हंजी त्याचं म्हणणं कुणी वाचलंच न्हाय. खरं हुतं की खोटं, तेवढं तरी साहेबांनी सांगायला पायजे हुतं असं मला वाटत हुतं. पर त्यांच्यापुढं माणूसच नव्हता, ते तरी काय सांगणार.

मी वकीलबाईकडनं शपथपत्राची एक प्रत मागून घेतली. आन् ते चौदा हजार आणलं हुतं, ते रेश्माला द्यायचं हुतं. पीएफला त्यानं आधीपासनंच इराचं नाव लावलं हुतं, त्याचं कागद बी.

रेश्मा बाहेर टायपिंगवाल्याच्या झाडापाशी उभी हुती. इरा बरोबर, शाळेचा ड्रेस घातलेली. मी पैसं दिलं, कागद दिला. रेश्मानं पैसं पर्समध्ये टाकलं, मोजलं न्हाय. मग शपथपत्र वाचलं. एक पान वाचायला तिला लई येळ लागला.

वाचून झाल्यावर म्हणली, "वन्सं, मी तुमाला इचारलं हुतं. चहा गाळताना."

मी म्हणलं, व्हय.

"तवा खरं सांगितलं असतं तर मी माझ्या वडलांना म्हणलं असतं, आपणच जाऊन कोर्टात लिहून देऊ. मला तीन हजार बी चाललं असतं. मला फसवतोय असं वाटलं म्हणून मी गेले."

ती चिडून बोलली असती तर मला काय तरी बोलता आलं असतं. ती तशी बोलली न्हाय. दुधाचा हिशेब सांगावा तसं बोलली. ज्ञानेशनं शपथ घातली हुती हे सांगितलं तर गेलेल्या माणसावर ढकलल्यासारखं हुतंय.

तेवढ्यात इरा म्हणली, "आत्या, पप्पांचं काय लिहिलंय त्यात?"

मी रेश्माकडं बघितलं, रेश्मानं माझ्याकडं. ज्ञानेशला ते पोरीला कळू द्यायचं नव्हतं, आन् पोरीला न्हाय कळलं तर बापानं आपल्याला टाकलं असंच ती धरून बसंल. रेश्मानं कागदाची घडी घातली, परत घातली, पार लहान केली आन् पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. म्हणली, चल, बस चुकंल.

दोघी स्टँडकडं गेल्या. इरा दोनदा मागं वळून बघत हुती.

आता रविवारी ती मला फोन करते. शाळेचं सांगते, आईचं सांगते. आन् ठेवायच्या आधी कधी कधी इचारते, आत्या, तो कागद कसला हुता. मी म्हणते, आईला इचार. ती म्हणते, आई म्हणती, आत्याला इचार.